मेन पाडा आणि जिना उतरून दाखवा

सुरतेत इमर्जन्सी लाईटचा विषय काढला की समोरून ठरलेलं उत्तर येतं : 'इथं लाईट जातेच कुठे?' सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी हे म्हणतात, रिंग रोडच्या मार्केटांतले गाळेवाले हे म्हणतात, लूम्सच्या खात्यांचे मालकही हेच म्हणतात. या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. शहराच्या मोठ्या भागाला टॉरंट कंपनीची वीज मिळते, भोवतालच्या भागाला दक्षिण गुजरात वीज कंपनीची, आणि दोन्हीकडे पुरवठा चांगला आहे. 2003 साली सुरू झालेल्या ज्योतिग्राम योजनेत शेतीचे आणि गावठाणाचे फीडर वेगळे केले गेले आणि गुजरातच्या खेड्यांतही चोवीस तास वीज पोचली. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा इथं राहणाऱ्या खानदेशी माणसाला हा फरक फार जवळून माहीत आहे. धुळ्या-नंदुरबारकडच्या आपल्या गावी भारनियमनाच्या वेळा पाठ करून पिठाची गिरणी गाठावी लागे, त्या काळात इथं रात्रभर पंखा फिरत असे. सुरतेत लाईट जात नाही, ही त्याच्यासाठी गावी गेल्यावर अभिमानानं सांगायची गोष्ट होती.

पण एवढ्यावर न थांबता लोक पुढे म्हणतात : इमर्जन्सी लाईट ही फायर एनओसीपुरती विकत घ्यायची वस्तू आहे, एरवी तिचा उपयोग नाही. कधीमधी लाईट गेलीच तर जनरेटर आहे, घरात इन्व्हर्टर आहे, आणि काहीच नसलं तरी प्रत्येकाच्या खिशात मोबाइलचा टॉर्च आहेच. चारही गोष्टी एका दमात ऐकल्या की युक्तिवाद भक्कम वाटतो. तो भक्कम नाही, आणि त्याच्या भरवशावर या शहरातले कितीतरी जिने रामभरोसे सोडलेले आहेत. त्यांतल्याच जिन्यांवरून माझ्या भाषेची माणसं बारा-बारा तासांच्या रात्रपाळीला चढतात, म्हणून मला हा युक्तिवाद मुळापासून खोडून काढायचा आहे.

लाईट जाते ती नेहमी वीज कंपनीकडूनच जाते, हे गृहीतच चूक आहे. इमारतीत आग लागली की पहिलं काम आपण काय करतो? मेन पाडतो. बंब आले की जवानसुद्धा आधी वीज तोडायला लावतात, कारण जिवंत तारांवर पाणी मारता येत नाही. आगीचं कारण शॉर्टसर्किट असेल तर एमसीबी त्याआधीच पडलेला असतो, किंवा वायरीच जळून गेलेल्या असतात. म्हणजे पुरवठा कितीही चोख असला तरी ज्या घटकेला माणसांना जिवाच्या आकांतानं बाहेर पडायचं असतं, नेमक्या त्याच घटकेला इमारत अंधारात जाते, आणि ती जायलाच हवी असते. त्या वेळी रस्त्यावरच्या डीपीत वीज खेळती असली तरी जिन्यात ती नसते. तेव्हा 'सुरतेत वर्षातून किती वेळा लाईट जाते' हा हिशोब इथं लागूच होत नाही. विचारायचं ते हे, की ती जाईल तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला पायरी दिसेल का?

दिल्लीच्या उपहार सिनेमाचं प्रकरण या बाबतीत कुणी विसरू नये. 13 जून 1997, दुपारचा खेळ, 'बॉर्डर' लागलेला. तळमजल्यावरच्या पार्किंगला लागून असलेल्या ट्रान्सफॉर्मरनं पेट घेतला. त्या ट्रान्सफॉर्मरला सकाळीच एकदा आग लागली होती आणि तात्पुरती दुरुस्ती करून तो पुन्हा चालू केलेला होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला धूर जिन्यातून आणि वातानुकूलनाच्या वाटांनी वर चढला, वीज गेली, पडदा काळा झाला आणि बाल्कनीतली माणसं अंधारात अडकली. 59 जण गेले, शंभरावर जखमी झाले. बहुतेकांना ज्वाळा शिवल्याही नव्हत्या. ती माणसं धुरानं गुदमरून गेली. पुढे वर्षानुवर्षं खटले चालले आणि न्यायालयांसमोर जे आलं त्यात जादा खुर्च्या टाकून बंद केलेली वाट होती, सूचना न देणारी ध्वनिव्यवस्था होती, आणि न लागलेले इमर्जन्सी दिवे, बाहेर जाण्याच्या दारांवरचे न उजळलेले फलक हेही होतं. बाहेर लख्ख उन्हाळ्याचा दिवस होता. दिल्लीत वीज आहे की नाही याच्याशी त्या बाल्कनीचा काही संबंध उरलेला नव्हता.

'ते सिनेमागृह होतं, तिथं अंधार असतोच,' असं कुणी म्हणेल. मग त्यानं आपल्या रिंग रोडवरच्या कोणत्याही जुन्या मार्केटात भर दुपारी मधल्या जिन्यात उभं राहून पाहावं. तळघरात गाळे, वर मजल्यामागे मजले, खिडक्यांवर जाहिरातींचे फलक, जिन्याच्या चौकात बांधून ठेवलेली पार्सलं. तिथं सूर्य बारा महिने पोचत नाही. ट्यूबलाइट गेली की दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन यांत फरक नाही. आणि सुरतेचा माल म्हणजे बहुतांश पॉलिएस्टर. ते वितळत जळतं आणि दाट काळा धूर सोडतं. फेब्रुवारी 2025 मध्ये शिवशक्ती टेक्स्टाईल मार्केटला आग लागली तेव्हा सुरुवात तळघरातून झाली होती. एक जीव गेला, दुसऱ्या दिवशी आगीनं पुन्हा उचल खाल्ली आणि शेकडो गाळे भस्म झाले. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये सिटीलाइट भागात एका इमारतीतल्या जिम आणि स्पामध्ये आग लागून तिथं काम करणाऱ्या दोन तरुण स्त्रिया गुदमरून गेल्या. या दोन्ही जागी दिवा असता तर जीव वाचले असते, असा दावा मी करत नाही. तेवढा पुरावा माझ्याजवळ नाही. माझं म्हणणं इतकंच, की या शहरात आगीत माणूस मरतो तो बहुधा गुदमरून, वाट न सापडून. आणि 'वाट कशी सापडेल' या प्रश्नाला 'इथं लाईट जात नाही' हे उत्तर होत नाही.

मुंबईत 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. 14 जण गेले, त्यांतले बरेच स्वच्छतागृहात सापडले. धुरात आणि गोंधळात माणूस माहीत असलेल्या दाराकडे धावतो, आणि पाहुण्याला फार तर दोनच दारं माहीत असतात : आत आलो ते, आणि स्वच्छतागृहाचं. तिसरं दार आहे हे त्याला कुणीतरी त्या क्षणी दाखवावं लागतं. जळत्या इमारतीत ते काम करायला माणूस जागेवर उरत नाही. ते दारावरच्या उजळ फलकानंच करायचं असतं.

आता ग्रिडचंही बोलू, कारण त्याबद्दलचा आत्मविश्वासही जरा जास्तच आहे. मुंबईलासुद्धा अगदी असाच अभिमान होता. तिच्या वीजपुरवठ्याला संकटकाळी राज्याच्या जाळ्यापासून तोडून स्वतंत्र चालवण्याची व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे. तरी 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या भरात रुग्णालयांची धावपळ झाली. आणि सुरतेला तर मुंबईचा दाखला देण्याची गरजच नाही. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. तळमजल्यांत पाणी, वीज नाही, पिण्याचं पाणी नाही, अशा अवस्थेत लोकांनी वरच्या मजल्यांवर दिवस काढले. ज्यांनी ते पाहिलं त्यांची मुलं आज तिशीत आहेत आणि 'इथं लाईट जातेच कुठे' असं तीच विचारतात.

त्या पुरातच जनरेटरच्या मुद्द्याचंही उत्तर आहे. सुरतेतल्या किती इमारतींचे जनरेटर, मीटरच्या पेट्या आणि मेन पॅनल तळघरात किंवा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आहेत ते मोजून पाहा. पाणी आधी तिथंच येतं, आणि तळघरात आग लागली तर तीही आधी तिथंच पोचते. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचं उदाहरण माझ्या माहितीतलं सगळ्यात बोलकं आहे. 2001 चं नव्हे, त्याच्या आठ वर्षं आधीचं. 26 फेब्रुवारी 1993 ला तिथल्या भूमिगत वाहनतळात बॉम्ब फुटला. सहा माणसं गेली, हजारावर जखमी झाली. जनरेटर होते आणि ते सुरूही झाले, पण त्यांना थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाहिन्या स्फोटात तुटल्या होत्या, त्यामुळे ते थोड्याच वेळात बंद पडले. मग हजारो माणसांनी धुरानं भरलेल्या काळ्याकुट्ट जिन्यांतून, शंभर-शंभर मजल्यांवरून, तासन्‌तास चाचपडत खाली उतरणं पत्करलं. त्या अनुभवानंतर जिन्यांत स्वतःची बॅटरी असलेले दिवे बसवले गेले, पायऱ्यांच्या कडांना आणि कठड्यांना अंधारात आपोआप चमकणारा रंग दिला गेला. 11 सप्टेंबर 2001 ला वाचलेल्या अनेकांनी त्या दिव्यांचा आणि पट्ट्यांचा उपयोग झाल्याचं सांगितलं, आणि 2004 मध्ये न्यूयॉर्क शहरानं उंच कार्यालयीन इमारतींना अशा चमकत्या खुणा कायद्यानंच बंधनकारक केल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत इमारतींपैकी एक, तिचे जनरेटर ऐन वेळी कामाला आले नाहीत. कामाला आली ती प्रत्येक दिव्याच्या पोटातली स्वतःची छोटी बॅटरी आणि वीज न मागणारा रंग.

जनरेटर लिफ्टसाठी ठेवा, पाण्याच्या पंपासाठी ठेवा. पण त्याची वीज ज्या तारांतून जिन्यात येते त्या तारा त्याच इमारतीतून फिरतात, आणि आग त्यांना सोडत नाही. शिवाय जनरेटर सुरू व्हायला वेळ जातो, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तो सुरू करणारा माणूस खाली जाऊन हँडल मारतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या अग्निसुरक्षेच्या भागात याबद्दल नेमके आकडे दिलेले आहेत. नेहमीची वीज गेल्याबरोबर इमर्जन्सी दिवे लागले पाहिजेत. लहानात लहान इमारतीतही ते किमान दीड तास टिकले पाहिजेत. बाहेर पडण्याच्या वाटेच्या मध्यरेषेवर जमिनीलगत किमान 10 लक्स उजेड पडला पाहिजे. दिवा कुठे हवा तेही सांगितलेलं आहे : प्रत्येक दाराशी, वाट वळते तिथं, जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर थेट उजेड पडेल असा, जमिनीची उंची बदलते तिथं, आग विझवायच्या साधनांजवळ, आणि शेवटच्या दाराच्या बाहेरही. शेवटचा मुद्दा मला फार शहाणपणाचा वाटतो. माणूस उंबरठ्यावर अडखळून पडला तर मागचे पन्नास जण त्याच्यावर पडतात.

यातलं काहीच अवघड नाही. तीन वॅटचा एलईडी दिवा साधारण तीनशे लुमेन उजेड देतो. जिन्याचा एक चौक पाच-सहा चौरस मीटरचा असतो. भिंती मळक्या आहेत म्हणून निम्मा उजेड वाया गेला असं धरलं तरी 10 लक्सची अट सहज पार होते. दीड तासाला साडेचार वॅट-तास लागतात. सहा व्होल्ट, साडेचार अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीत 27 वॅट-तास भरलेले असतात. बॅटरी म्हातारी होऊन तिची ताकद निम्म्यावर आली तरी दीड तास निघतो. खर्च परवडत नाही ही सबब म्हणून ऐकवत नाही. ज्या चौकात लाखोंच्या साड्यांची पार्सलं रचलेली असतात, त्या चौकातला एक दिवा हा व्यापाऱ्याला न पेलणारा खर्च असूच शकत नाही.

मोबाइलचा मुद्दा मात्र मला गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण तो साध्या माणसांकडून येतो आणि त्याच्यामागे आडमुठेपणा नाही. घरात लाईट गेली तर मोबाइलच्या उजेडात फ्यूज बघता येतो, हे खरंच आहे. पण घरात आपण एकटे असतो, फरशी ओळखीची असते आणि घाई नसते. आता डिंडोलीतलं किंवा पांडेसऱ्यातलं एखादं खातं डोळ्यासमोर आणा. खाली लूम, वर लूम, वर जाणारा लोखंडी जिना जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा. पायऱ्या तेलानं निसरड्या, एका कडेला ग्रेचे, म्हणजे कोऱ्या कापडाचे, ताके टेकवलेले. लाईट गेली की आधी कानांना कळतं, कारण तो अखंड खडखडाट एकदम तुटतो. त्या अंधारात वीस-पंचवीस कारीगर एकाच जिन्याकडे निघाले तर कुणाचा मोबाइल कामाला येणार? बराच वेळ तो खिशात नसतोच. चार्जिंगला लावलेला असतो, टांगलेल्या शर्टात असतो, आणि काही हिऱ्याच्या कारखान्यांत तर तो दारातच जमा करून घेतात. हातात असला तर एक हात त्यात गुंतला. दुसऱ्या हातानं कठडा धरावा की पोराला धरावं, की तोंडावर ओला रुमाल धरावा? टॉर्चचा झोत जिथं वळवाल तिथंच पडतो; पुढच्याच्या पाठीवर पडला तर मागच्याला पायरी दिसत नाही. दाट धुरात तर तो झोत समोरच्या धुरावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावून ज्यानं चरणमाळ घाट उतरला आहे त्याला हे सांगावं लागणार नाही. आणि सगळ्यात मोठी उणीव ही, की मोबाइल उजेड देतो, वाट सांगत नाही. दोन जिन्यांपैकी उघडा कोणता, गच्चीचं दार कुठे, हे भिंतीवरच्या हिरव्या फलकानंच कळतं. सहा महिन्यांपूर्वी नवापूरहून आलेल्या, गुजराती अक्षर नीट न वाचता येणाऱ्या पोराला तो धावणारा माणूस आणि बाण न शिकवता समजतो.

इथं माझ्या विरोधकांचा सगळ्यात टोकदार आक्षेप येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते म्हणतात, 'तक्षशिलेत तुमच्या दिव्यानं काय केलं असतं?' 24 मे 2019, सरथाणा, तक्षशिला आर्केड. दुपारची वेळ, वरच्या मजल्यावर बेकायदा उभारलेल्या भागात क्लास चाललेला. आग खालून आली, जिना लाकडी होता, तो वाट म्हणून उरलाच नाही. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. अग्निशमन दलाची शिडी त्यांच्यापर्यंत पोचली नाही. 22 जीव गेले, बहुतेक अजून शिकायच्या वयातले. ते चित्रीकरण साऱ्या देशानं पाहिलं.

उत्तर सरळ आहे : तिथं दिव्यानं काही केलं नसतं. जळालेल्या जिन्यावर उजेड पाडून उपयोग नसतो. दिवा दुसऱ्या जिन्याची जागा घेत नाही, बेकायदा मजला कायदेशीर करत नाही. पण या कबुलीतून जो निष्कर्ष ते काढतात तो मला मान्य नाही. तक्षशिलेनंतर या शहरात किती इमारतींना सील ठोकलं गेलं, किती क्लास बंद झाले, किती लोखंडी जिने बाहेरून लागले, ते सुरतेनं पाहिलं. त्या जिन्यांसाठी आपण पैसे मोजले. आता तो जिना रात्री आठच्या बॅचला दिसणारच नसेल, तर आपण त्या 22 मुलांच्या नावानं अर्धंच काम केलं. वाट नसलेल्या इमारतीत दिवा निरुपयोगी, आणि वाट असलेल्या इमारतीत दिव्यावाचून ती वाट निरुपयोगी. दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत. गुजरातचा आग प्रतिबंधक आणि जीवसुरक्षा उपायांचा कायदा 2013 पासून आहे. 2019 मध्ये तो कागदावर होताच.

शेवटचा आक्षेप अनुभवी लोकांचा : 'बसवले तरी ते बंदच पडतात.' हे शंभर टक्के खरं आहे, आणि याच्यावर कुणी नीट बोलत नाही म्हणून मी जरा थांबून सांगतो. मार्केटचं उदाहरण घ्या. संध्याकाळी गाळे बंद होतात आणि आग लागू नये म्हणून रखवालदार मजल्याची मेन पाडतो. चांगली सवय आहे. पण भिंतीवरचा इमर्जन्सी दिवा त्याच मेनवर असेल तर त्याला वाटतं लाईट गेली. तो इमानदारीनं पेटतो आणि रिकाम्या मार्केटात बॅटरी संपेपर्यंत जळत राहतो. सकाळी मेन चढते, तो चार्ज होतो. रात्री पुन्हा तेच. आतली शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करण्यासाठी बनलेलीच नसते. काही महिन्यांत ती मरते. किंवा त्याआधी कुणीतरी म्हणतं, हा रात्रभर उगाच जळतो, आणि आतली लाल वायर काढून ठेवतं. एनओसीच्या वेळी डबा भिंतीवर असतो, डबा नवा दिसतो, शेरा चांगला पडतो.

म्हणजे दोष वस्तूचा नाही, जोडणीचा आहे, आणि उपाय कोणताही जाणता वायरमन अर्ध्या दिवसात करतो. दिव्याचं चार्जिंग रात्री न पडणाऱ्या वेगळ्या लाइनीवरून घ्यायचं आणि त्या मजल्याची नेहमीची लाईट गेली की नाही हे त्याला वेगळ्या तारेनं कळवायचं. कुलूप लावताना रखवालदाराच्या हाती एक वेगळी किल्ली द्यायची, जिच्यानं रात्रीपुरता दिवा थांबतो आणि सकाळी मेन चढली की आपोआप पुन्हा तयार राहतो. याच्या उलटी चूकही मी पाहिली आहे : दिवा प्लगच्या सर्किटवर, जिन्याच्या ट्यूबा दुसऱ्या सर्किटवर. जिन्याचा एमसीबी पडला, अंधार झाला, आणि दिवा शांत, कारण त्याची स्वतःची वीज चालूच आहे.

दिव्याच्या खाली तपासणीचं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की दिवा उजळतो आणि तपासणारा माणूस समाधानानं पुढच्या मजल्यावर जातो. पण मरायला टेकलेली बॅटरीही दहा सेकंद उजळते. तिला दीड तास जाळून पाहिल्याशिवाय काही कळत नाही. वर्षातून एकदा तरी बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत चाचणी घ्यायची, ती याचसाठी. घरातल्या कंदिलाचंही हेच. कपाटावर दोन वर्षं न चार्ज करता ठेवलेला कंदील हा प्लास्टिकचा डबा आहे. शिशाच्या बॅटरीचा असेल तर त्याला दर दोन-तीन महिन्यांनी चार्जिंग हवंच. हल्ली मिळणारे बॅटरीचे बल्ब स्वस्त आणि चांगले आहेत, घरात जरूर लावा, पण भिंतीवरचं बटण बंद असेल तर ते अंधारातही लागत नाहीत, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा. आणि चमकत्या पट्ट्यांना बॅटरी लागत नसली तरी आधी उजेड लागतो. दिवसभर ट्यूब बंद ठेवलेल्या जिन्यात पट्टी चिकटवून ती रात्री चमकणार नाही. धूर वर साचतो, उजेड गिळतो. तेव्हा या पट्ट्या पायरीच्या कडेला आणि भिंतीच्या तळाशीच हव्यात, छताजवळ नाहीत.

म्हणून महानगरपालिकेकडे आणि एनओसीच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येक तपासनिसाकडे माझी मागणी आहे. तपासणी दिवसाढवळ्या करू नका. अंधार पडल्यावर या. डबे मोजू नका. इमारतीची मेन तुमच्या देखत पाडायला लावा, मालकाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला सोबत घ्या, मोबाइल खिशात ठेवा, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरून चालत खाली या. मग दीड तास थांबा आणि पुन्हा वर चढा. जो टप्पा दिसला नाही तिथं शेरा मारा आणि मुदत द्या. तपासणीची तारीख आणि बॅटरी बदलल्याची तारीख जिन्याच्या तोंडाशी, गुजरातीत, हिंदीत आणि उधना-लिंबायतमध्ये मराठीतही, फलकावर लिहून ठेवा, म्हणजे रोज तो जिना चढणाऱ्या कारीगरालाही ती वाचता येईल आणि उलटून गेली तर विचारता येईल. मार्केटच्या कार्यकारिणीत आणि खात्यांच्या संघटनांत आपली मराठी माणसं आता कमी नाहीत. नगरसेवक आपले आहेत, लिंबायतच्या आमदार संगीता पाटील आहेत, खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले आहेत. गणपतीच्या मंडपाला रात्रभर रोषणाई करण्यासाठी जी मंडळं एका सभेत वर्गणी जमवतात, त्यांनी या गणपतीच्या आधी आपापल्या गल्लीतल्या खात्यांचे आणि चाळींचे जिने एका रात्रीत पाहून घ्यावेत. सुरुवातीला फक्त मेन पाडायची आहे.